ओडीटीच्या आत काय असतं, आणि एफओडीटी कधी वापरावी

लिबरऑफिस रायटर या लेखनाच्या प्रोग्रामची .ओडीटी फाइल म्हणजे खरं तर एक झिप, म्हणजे अनेक फाइली दाबून बांधलेलं गाठोडं. फाइलची प्रत काढा, नावाच्या शेवटी .झिप लावा आणि उघडा. मजकूर कंटेंट.एक्सएमएलमध्ये, शैली स्टाइल्स.एक्सएमएलमध्ये, चित्रं पिक्चर्स फोल्डरमध्ये. (एक्सएमएल म्हणजे खुणा घालून लिहिलेला साधा मजकूर.) २००७ च्या ऑफिसपासून वर्डची .डॉक्सही अशीच झिप असते. तिथे मजकूर डॉक्युमेंट.एक्सएमएलमध्ये सापडतो.

झिपमुळे जागा वाचते, मराठीत तर चांगलीच. यूटीएफ-८ या युनिकोड अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. पण त्या तिनांतला पहिला बाइट कायम तोच असतो आणि दुसऱ्याला दोनच पर्याय असतात. एवढी पुनरावृत्ती झिप सहज दाबून टाकते.

अडचण येते ती फाइल बिघडली की. झिपमधल्या फाइलींची यादी अगदी शेवटी लिहिलेली असते. डाउनलोड अर्धवट राहिलं किंवा लिहिणं संपण्याआधीच पेन ड्राइव्ह काढला, तर नेमकी ती यादीच जाते आणि दस्तऐवज उघडत नाही. तरी घाबरू नका. प्रत्येक आतल्या फाइलच्या आधी तिचं स्वतःचं छोटं शीर्षक असतं, त्यावरून झिप दुरुस्त करणारी साधनं शाबूत राहिलेला भाग बाहेर काढू शकतात. हे नेहमी प्रतीवरच करा. ओडीटी पुन्हा झिप करताना दोन चुका हमखास होतात: आतल्या फाइलींऐवजी अख्खा फोल्डर झिप केला जातो, किंवा ‘माइमटाइप’ ही छोटी फाइल सर्वांत आधी आणि न दाबता ठेवायची राहून जाते.

याला उत्तर रायटरमध्येच आहे. ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये ‘फ्लॅट एक्सएमएल’ प्रकार निवडा, .एफओडीटी तयार होते. सगळा दस्तऐवज एकाच साध्या मजकुराच्या फाइलीत येतो आणि मांडणी जशीच्या तशी राहते. एखादा बाइट बिघडला तर रायटर हिलाही नकार देऊ शकतो, कारण एक्सएमएलची रचना मोडलेली असते. पण कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये ती उघडते, मोडलेली ओळ दिसते आणि हातानं सुधारता येते.

गिट, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन, वापरणाऱ्यांना एफओडीटीचा मोठाच फायदा. ओडीटीत एक अक्षर बदललं तरी दाबलेल्या फाइलीतले पुढचे बाइट बदलून जातात. गिटला एवढंच कळतं की फाइल बदलली. एफओडीटीत बदललेला परिच्छेद दिसतो.

मात्र एक सेटिंग आधी बदला. दस्तऐवजांची तुलना नीट व्हावी म्हणून रायटर दर वेळी फाइल उघडून केलेल्या बदलांना एक यादृच्छिक क्रमांक जोडतो. त्यामुळे एकाच वाक्याचे, कधी एकाच शब्दाचेही तुकडे होतात आणि शब्द शोधायला गेलात तर एडिटरला सापडत नाही. ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लिबरऑफिस रायटर’, ‘कम्पॅरिझन’ इथे जाऊन तो क्रमांक साठवणं बंद करा. हे नव्या दस्तऐवजाच्या सुरुवातीलाच केलेलं बरं. जुने तुकडे आपोआप जुळत नाहीत.

चित्रं भरपूर असतील तर एफओडीटी नको. चित्राचे दर ३ बाइट ४ अक्षरांत लिहिले जातात, म्हणजे ३ एमबीचं चित्र ४ एमबीचं होतं, आणि टेक्स्ट एडिटर त्या लांबलचक मजकुराखाली अडखळतो. चित्रं फाइलीत न घालता नुसती जोडली तर हा प्रश्न सुटतो, फक्त फोल्डर हलवताना तीही सोबत न्यावी लागतात.

निव्वळ .टीएक्सटी करायची असेल तर आधी फॉन्ट तपासा. मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर देवनागरी फक्त फॉन्टमुळे दिसत असते. फॉन्ट गेला की उरतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. तेव्हा आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग सेव्ह, आणि सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८. विंडोजच्या नोटपॅडमध्ये तिथे ‘एएनएसआय’ हे जुनं एन्कोडिंग राहिलं तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं लिहिली जातात, आणि फाइल बंद केल्यावर त्यांतून मूळ अक्षरं परत मिळत नाहीत.