पंक्चर नव्हतंच!

रविवारी ३४ पीएसआय हवा भरायची आणि पुढच्या शनिवारी बघावं तर २५, कधी २४. एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण सलग तीन आठवडे हेच, आणि ईयूसीवर (इलेक्ट्रिक युनिसायकल, म्हणजे मोटरवर चालणारं एकच चाक, त्यावर उभं राहून फिरायचं) हवा कमी झाली की ते लगेच कळतं, वळताना चाक जड लागतं, छोट्या खड्ड्यातसुद्धा रिमपर्यंत गचका बसतो. दोन चाकांच्या गाडीला निदान दुसरं चाक असतं, इथे जे आहे ते एकच, त्यामुळे "चालतंय तोवर चालू दे" हा माझा नेहमीचा बाणा इथे काही उपयोगाचा नव्हता.

मी काय केलं, तर सरळ पंक्चर समजलो. खिळा नाही, काच नाही, टायर बोटांनी चाचपून बघितला, काही सापडेना, तरी पंक्चरच. आणि घाबरून आत सीलंट, म्हणजे आतून भोक बुजवणारा चिकट द्रव, ओतलं. (हे लक्षात ठेवा, पुढे येणारे.) कारण ईयूसीची ट्यूब बदलणं म्हणजे काय प्रकार आहे ते ज्याने एकदा केलंय त्यालाच माहिती. सायकलचं चाक कसं दोन नट काढले की हातात येतं, तसं नाही हे. पेडल काढा, दोन्ही बाजूचे शेल (बाहेरची कव्हरं) काढा, मोटरची वायर सोडवा, स्क्रू कुठला कुठे होता त्याचे फोटो काढा, मग ती अवजड मोटर टायरसकट बाहेर. अख्खा दिवस जातो आणि शेवटी एक स्क्रू उरतोच.

सीलंटनंतरही हवा उतरतच होती. मग मी रोज मोजायला लागलो, सकाळी एकदा, रात्री एकदा. आणि आकडे आणखी वाईट यायला लागले! आधी आठवड्याला नऊ-दहा पीएसआय जायची ती आता चार दिवसांत जायला लागली. मला वाटलं भोक मोठं होतंय. मग एकदा सहज गेज लावलं, काढलं, परत लावलं, परत काढलं, असं पाच वेळा केलं तर ३४ चे ३१ झाले. म्हणजे मोजण्यातच हवा जात होती. गाडीच्या मोठ्या टायरला हे जाणवत नाही, पण आपल्या चाकात हवा मावतेच किती, काही लिटर फक्त, त्यात गेज लावताना आणि काढताना होणारा तो "फुस्स" चांगलाच महागात पडतो. त्यात सकाळी गार चाक मोजायचं आणि रात्री फिरून आल्यावर गरम चाक मोजायचं, हाही मूर्खपणाच. ३४ पीएसआयच्या आसपास १० अंश सेल्सिअसचा फरक पडला की दीड-पावणेदोन पीएसआय तसाच इकडेतिकडे होतो, हवा एक थेंबही न जाता. त्यामुळे आता मी मोजतो ते आठवड्यातून एकदा, चाक गार असताना, एकाच गेजनी.

तरीही गळती होतीच. शेवटी वाटीत भांडी घासायचा साबण आणि पाणी घेतलं. इथे एक सांगतो, बाटलीनी फवारत बसू नका, चार्जिंग पोर्ट आणि शेलच्या फटी आहेत, जुना पेंटिंगचा ब्रश घ्या आणि हवं तिथेच लावा. आणि चाक बंद करूनच. चालू चाक उचलून व्हॉल्व शोधायला गेलात तर ते तोल सावरायला भर्रकन फिरतं आणि बोटं मध्ये असतात.

टायरला लावलं, काही नाही. कडेला रिमपाशी लावलं, काही नाही. मग व्हॉल्वची टोपी काढून तोंडावर एक जाडसर थेंब ठेवला. दहा-पंधरा सेकंद काहीच नाही, मी उठणारच होतो, तेवढ्यात थेंब मधून किंचित फुगला. मोहरीएवढा बुडबुडा, मग मिरीएवढा, फुटला, आणि परत मोहरीएवढा. तीन आठवडे मी ज्याच्यामागे धावत होतो ते हे.

आता आत काय असतं ते थोडं सांगतो कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. ही जी जाड तोंडाची व्हॉल्व आहे ती श्रेडर, १८९३ साली पेटंट झालेली, आणि कार, मोटारसायकल, बऱ्याच सायकली, सगळीकडे तीच. आपण दाबून हवा सोडतो ती बारीक काडी दिसते, पण खरी वस्तू म्हणजे त्या काडीसकटचा आटे असलेला छोटा पितळी तुकडा, कोअर. त्याला सील दोन जागी असतं. एक बाहेरून, कोअरच्या कमरेला, जे नळीच्या आत घट्ट बसतं. दुसरं खाली टोकाला, जे स्प्रिंगनी आणि आतल्या हवेच्या दाबानी बंद राहतं. कोअर ढिला झाला की पहिल्यातून हवा जाते, आणि खालच्या सीलवर कचरा बसला की दुसऱ्यातून. बाहेरून बुडबुडा दोन्हीचा सारखाच दिसतो. म्हणून आधी कोअर आवळून बघायचा, थांबला तर पहिलं, नाही थांबला तर दुसरं.

माझा कोअर जवळजवळ पाव वळण ढिला निघाला. कोअर काढायचा तो छोटा पाना असतो (काही धातूच्या टोप्यांनाच वर दोन शिंगं असतात, ती पण चालतात), त्यानी दोन बोटांत धरून आवळला. दोनच बोटांत, मनगट लावायचं नाही, जोर लावला तर सील कापलं जातं किंवा पितळेची मान तुटते आणि मग खरोखरच मोटर बाहेर काढावी लागते. बुडबुडा थांबला. मी खूश.

आठ दिवसांनी परत गळती.

आता आठवा ते सीलंट. त्यात बारीक तंतू असतात, भोक बुजवायला, पण तंतूंना काय माहिती कुठलं भोक बुजवायचं आणि कुठलं नाही. मी चाक कोपऱ्यात उभं करताना व्हॉल्व कुठे आहे ते कधी बघितलंच नाही, खाली आली तर सीलंट तिच्यात साचणार, आणि वरून मी हवा भरताना-मोजताना ते कोअरमधून वर येणार. कोअर बाहेर काढला (आधी काडी दाबून सगळी हवा सोडा, नाहीतर कोअर गोळीसारखा उडतो आणि सापडत नाही), तर खालच्या रबरी सीलवर वाळलेल्या डिंकासारखा एक पांढुरका कण आणि त्यात अडकलेला एक तंतू. नखानी काढायला गेलो तर रबराचाच टवका निघाला. नवीन कोअर टाकला, नळीच्या आतला भाग कापसाच्या काडीनी पुसून घेतला, आणि विषय संपला. कोअर ही वाचवायची वस्तू नाहीच, शंका आली की बदलायची. आणि हवा भरताना व्हॉल्व वरच्या बाजूला.

मुळात कोअर ढिला का झाला, तर माझा संशय वाकड्या एक्स्टेन्शनवर आहे, म्हणजे पंप लागावा म्हणून व्हॉल्वच्या तोंडाला जोडायची ती छोटी वाकडी नळी. ईयूसीत मधली सगळी जागा मोटरनी खाल्लेली असते, पंपाचं तोंड व्हॉल्वपर्यंत सरळ जातच नाही, म्हणून मी ते एक्स्टेन्शन लावलं आणि कंटाळा करून तसंच ठेवलं. काही एक्स्टेन्शनमध्ये आत खुंटी असते जी कोअरची काडी कायम दाबून धरते, म्हणजे कोअर उघडाच, आणि हवा अडवायचं काम त्या एक्स्टेन्शनच्या हलक्याशा वायसरवर. वर ते चाकाबरोबर गरगर फिरतंय, हादरे खातंय. आता हवा भरून झाली की लगेच काढतो, काढताना व्हॉल्वची नळी दुसऱ्या हातानी धरतो म्हणजे ती ट्यूबमध्ये पिळली जात नाही, आणि आत वायसर असलेली टोपी लावतो. टोपी हवा धरायला नसते असं म्हणतात, ते बरोबरच आहे, पण चिखल आणि धूळ बाहेर ठेवते आणि कोअर किंचित गळत असला तर थोडी मदतही करते. फक्त अल्युमिनियमची टोपी पितळेच्या आट्यांवर महिनोन्‌महिने ठेवू नका, ओल लागली की ती अशी जाम होते की पकड लावावी लागते.

एक प्रकार मात्र कोअर बदलून सुटत नाही. माझ्याबरोबर फिरणाऱ्या एकाची व्हॉल्व तिरकी दिसायला लागली होती, त्याला वाटलं दगड लागून वाकली असेल. कमी हवेत जोरात ब्रेक मारले की टायर रिमवर थोडा थोडा सरकतो आणि ट्यूबला ओढत नेतो, पण व्हॉल्व रिमच्या भोकात अडकलेली, मग ताण सगळा तिच्या बुडाशी. तिथे फाटलं की पॅच बसत नाही, ट्यूबच नवीन. आणि ते फाटतं हळूहळू, पण सुटतं मात्र एकदम, चालत्या चाकावर. खडूनी टायर आणि रिम दोन्हीवर मिळून एक रेघ मारून ठेवा, रेघेचे दोन तुकडे झाले की समजा टायर सरकलाय. त्याची तशी अडीच बोटं सरकलेली होती.

माझं चाक आता ठीक आहे. या रविवारी बघितलं, आठवड्याभरानी ३४ चे ३३. त्यातला अर्धा माझ्या गेजनीच खाल्ला असणार.