टेक्सन्सची पहिली रात्र आणि ७६ सॅक

टेक्सासातल्या ह्यूस्टन शहराने एनएफएलविना, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगविना, पाच हंगाम काढले होते. १९९६ चा हंगाम संपला आणि तिथला ऑइलर्स संघ टेनेसीला निघून गेला. मग १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये उद्योगपती बॉब मॅकनेअर यांनी ७० कोटी डॉलर मोजून नव्या संघाचा हक्क मिळवला, अ‍ॅस्ट्रोडोम या जुन्या स्टेडियमला लागून सरकत्या छताचं रिलायंट स्टेडियम उभं राहिलं, आणि ८ सप्टेंबर २००२ ला, रविवारी रात्री, ह्यूस्टन टेक्सन्स आपला पहिला लीग सामना खेळायला उतरले. समोर डॅलस काउबॉइज. टेक्सासात या नावाचा दबदबा काय आहे ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. गणपती दोन दिवसांवर आले होते. मराठी मंडळी मखराच्या तयारीत होती आणि मी प्रेस बॉक्समध्ये गळ्यात दुर्बीण अडकवून बसलो होतो.

मी आकडेवारीच्या टीममध्ये स्पॉटर होतो. पुण्यात क्लब क्रिकेटचं स्कोअरिंग केलेलं, त्यामुळे नोंदीची शिस्त अंगात होती. पण क्रिकेटमध्ये बोलर एक, बॅट्समन एक. इथे बावीस जण एकाच वेळी एकमेकांवर धडकतात. प्ले, म्हणजे बॉल हलल्यापासून थांबेपर्यंतचा एक डाव, संपला की तो कुठल्या यार्डावरून सुरू झाला, बॉल कुणाकडे होता, कुणी पाडलं आणि नेमकं कुठे पाडलं, हे मी मोठ्याने सांगायचं. शेजारचा ते कॉम्प्युटरवर टाकतो. तेवढ्यात पुढचा प्ले सुरू.

सगळ्यात कठीण नोंद सॅकची. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू. पास फेकण्याआधीच त्याला मागे लोळवला की सॅक. पण तो पळायच्या बेतानेच निघाला असेल तर तो सॅक नाही, धाव. दोघांनी मिळून पाडला तर अर्धा अर्धा. बेत काय होता हे स्पॉटरला एका क्षणात ओळखावं लागतं, आणि त्यासाठी क्वार्टरबॅकचे पाय बघायचे. बॉलकडे बघत बसलात तर हुकलात.

टेक्सन्सचा क्वार्टरबॅक डेव्हिड कार तेव्हा अगदी नवखा. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंच्या निवडीत, सगळ्यात आधी निवडलेला. पहिल्याच क्वार्टरमध्ये त्याने बिली मिलरला १९ यार्डांचा टचडाउन पास, म्हणजे थेट गोलरेषेपलीकडे नेऊन गुण मिळवणारा पास, दिला आणि स्टेडियम अक्षरशः दणाणलं. आमच्या खोलीत मात्र नियम कडक: प्रेस बॉक्समध्ये कुणी टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही. मी यार्ड सांगितले, नंबर सांगितले. आवाज कापत होता.

टेक्सन्स १०-० पुढे गेले, काउबॉइजनी १०-१० अशी बरोबरी साधली. मग चौथ्या क्वार्टरमध्ये कॉरी ब्रॅडफर्डला ६५ यार्डांचा टचडाउन पास. १७-१०.

आणि शेवटच्या काही मिनिटांत डॅलसचा क्वार्टरबॅक क्विन्सी कार्टर स्वतःच्याच एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्यात, सापडला. टेक्सन्सच्या सेथ पेनने त्याला तिथेच आडवा केला. ढीग उठेपर्यंत मी दुर्बीण हलवली नाही. शेजारच्याने विचारलं, "एकटाच?" मी म्हटलं, "एकटाच. बॉल एंड झोनमध्ये." एक पूर्ण सॅक, आणि स्वतःच्या एंड झोनमध्ये पाडल्याबद्दल एक सेफ्टी, म्हणजे टेक्सन्सना दोन गुण. १९-१०. १९६१ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जने शिकागो बेअर्सना हरवल्यानंतर कुठल्याही नव्या संघाने आपला पहिला सामना जिंकला नव्हता. ती नोंद सांगताना मला जेवढा आनंद झाला, तेवढा त्या कामात पुन्हा कधी झाला नाही.

पुढे तो हंगाम खडतर गेला. १६ पैकी ४ विजय. त्यातला एक तर अचाट होता: डिसेंबरमध्ये पिट्सबर्गला जाऊन टेक्सन्सनी स्टीलर्सना २४-६ ने हरवलं, आणि आक्रमणाने अख्ख्या सामन्यात मिळवले फक्त ४७ यार्ड! तिन्ही टचडाउन बचावफळीचे, त्यातले दोन एकट्या अ‍ॅरन ग्लेनचे. मुख्य प्रशिक्षक डॉम केपर्स यांनी बांधलेली ती बचावफळी खरोखर उत्तम होती.

पण माझ्या मनात राहिला तो कार. हंगामाअखेर तो ७६ वेळा सॅक झाला होता. लीगचा विक्रम. त्याआधीचा १९८६ चा, रँडल कनिंगहॅमचा ७२. लोक हा आकडा कारच्या माथी मारतात. बॉल फार वेळ धरून ठेवायचा, हे खरं आहे, मी पाहिलंय. पण टेक्सन्सनी एक्सपान्शन ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या संघाने इतर संघांतून खेळाडू निवडण्याच्या फेरीत, सगळ्यात आधी निवडला होता टोनी बोसेली, क्वार्टरबॅकची डावी बाजू सांभाळणारा, लीगमधला अव्वल दर्जाचा टॅकल. त्याचा खांदा बरा झालाच नाही. तो टेक्सन्सकडून एकही सामना खेळला नाही. क्वार्टरबॅकचं रक्षण करणारी उरलेली लाइन इतर संघांनी सोडलेल्या आणि नवख्या खेळाडूंतून जमवलेली. नव्या संघाला माणसं अशीच मिळतात.

सॅकच्या नोंदीत पाडणाऱ्याचं नाव येतं, किती यार्ड गेले ते येतं. कुठल्या लाइनमनला चुकवून तो आत घुसला, यासाठी अधिकृत तक्त्यात रकानाच नव्हता. घरच्या सामन्यांत मी दुर्बिणीतून ते दर वेळी बघत होतो, आणि कार उठून पुन्हा घोळक्यात उभा राहायचा तेही बघत होतो. १६ च्या १६ सामने तो खेळला. त्याच्याबद्दल बोलताना ७६ च्या शेजारी हा १६ सुद्धा लिहिला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.