रात्रपाळी सुटली, मग सकाळ जमवली

बरीच वर्षं मी हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेनुसार काम केलं. पहाटे घरी यायचो तेव्हा दाराला दुधाच्या पिशव्या लटकलेल्या असायच्या. आईची अंघोळ झालेली असायची, आणि मी जाड पडदे ओढून आडवा व्हायचो. मग दिवसपाळी मिळाली. घरी पेढे आले, पण रात्री दोनपर्यंत मी टक्क जागा आणि नऊच्या कॅबमध्ये बसलो की डोळे मिटायचे.

आई म्हणायची, "लवकर पड म्हणजे लवकर उठशील." लवकर पडत होतोच, झोप यायला हवी ना! आत्याने पाचच्या गजराचा आग्रह धरला. डॉक्टरांनी दोन्ही सल्ले बाजूला ठेवले. "झोपायच्या वेळेच्या मागे लागू नका, उठायची वेळ पक्की करा," ते म्हणाले. सुरुवात आठपासून. उठलं की लगेच बाहेर, उजेडात. दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे यायचं.

कारणही त्यांनी समजावलं. डोळ्यांत शिरणारा सकाळचा उजेड मेंदूतल्या घड्याळाला वेळ लावून देतो. मात्र शरीराची अजून मध्यरात्र असताना भरपूर उजेड घेतला, तर झोप पुढे ढकलली जाते. म्हणजे माझ्यासारख्याला पाचचा गजर तापदायकच ठरला असता! पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं ते उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ साली नोबेल मिळालं. ट्यूबलाइट आपल्याला लख्ख वाटते, पण खोलीत उजेड जेमतेम काही शे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. बाहेर आभाळ भरून आलेलं असलं तरी तो हजारांत जातो.

म्हणून रोज सकाळी पुण्यातली तळजाई टेकडी. सुरुवातीचे दिवस वाईट गेले, दुपारच्या मीटिंगमध्ये मान पडायची. त्याहून अवघड गेलं ते चारचा चहा सोडणं. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, त्यामुळे जेवणानंतर चहा बंद. सरकत सरकत मी सहावर आलो आणि साडेदहाला आपोआप जांभया यायला लागल्या.

पण हा उन्हाळा होता. पुण्यात मेअखेरीस सहाच्या आधीच सूर्य वर येतो, जानेवारीत मात्र सात वाजून गेले तरी त्याचा पत्ता नसतो. शिवाय आपली घड्याळं लावलेली उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळच्या रेखांशावर, आणि पुणं त्याच्या इतकं पश्चिमेला की इथे सूर्य ३५ मिनिटं उशिरा येतो. थंडीत मी सरळ पावणेसातवर गेलो. आत्याला ही पळवाट वाटते. पण तिचा ब्राह्ममुहूर्तसुद्धा सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो, म्हणजे तोही ऋतूप्रमाणे सरकतोच. त्या वेळी उठणारी आमची पणजी दिवेलागणीनंतर तासाभरात झोपायची, हे कुणी सांगत नाही.

आता भांडण उरलंय ते रविवारशी. शनिवारी लग्नाहून मध्यरात्री आलो तरी उठायची वेळ सोडत नाही, फार तर अर्धा तास. मग दुपारी जेवून वीस मिनिटं आडवा होतो. वामकुक्षीला पुण्यात कोणी नावं ठेवत नाही.