काठी पडली

ड्रायव्हिंग टेस्टमध्ये रिव्हर्स घेताना स्टिअरिंग जरा जास्त फिरलं अन् मागं खट्ट! काठी आडवी. साहेबांनी कागदावरून मान वर न करताच सांगितलं, "पुढच्या वेळी या."

लातूरच्या उन्हात रिक्षा केली. आरशात माझं तोंड बघूनच रिक्षावाले मामा म्हणाले, "नापास का?" मी मान हलवली. "मी तीनदा झालतो. आता बघा, तुम्ही माझ्याच मागं बसलात की!"

मी लई हसले. मग गप्प झाले.

कारण आज टेस्ट आहे हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. जावेला नाही, ऑफिसात नाही. आपल्याकडं दहावीला गणितात गेलेलं पोरगं लग्नात अक्षता पडेपर्यंत 'नापास'च असतंय. चाळिशीतही तीच धास्ती.

टेस्ट 7 दिवसांनी परत देता येते. लर्निंग लायसन्स 6 महिने चालतं, माझे अजून 4 बाकी. फी परत भरायची, एवढंच. (ती मात्र टोचली.)

संध्याकाळी ह्यांना सांगून टाकलं. हे काही बोलले नाहीत, शेतातून तुराट्यांचा भारा घेऊन आले. उद्या पहाटे सरावाला मैदानात रोवायच्यात.

तुराटी पडली तर आवाज तरी कमी येईल ना?