डाव्या कुशीचा फोटो

मालदीवच्या दक्षिण आरी अटॉलमधल्या, म्हणजे कड्यासारख्या प्रवाळबेटांच्या समूहातल्या, धिगुरा बेटावरून व्हेल शार्क या महाकाय माशाच्या नोंदी घेणारी आमची बोट सकाळी सुटायची. छपरावर बसून प्रवाळाच्या कडेला, फिकट निळं संपून गडद निळं सुरू होतं तिथे, नजर लावून बसायचं. तासातासाला वारा, ढग, पाण्याचं तापमान आणि दिसलेल्या बोटींची संख्या तक्त्यात भरायची. व्हेल शार्क दिसला नाही तरी भरायची, कारण न दिसणं हीसुद्धा नोंदच. पहिले दोन दिवस आम्ही स्वयंसेवकांनी तेवढंच केलं.

तिसऱ्या दिवशी कप्तान ओरडला, "फेहुरिहि!" हे व्हेल शार्कचं धिवेहीतलं, म्हणजे मालदीवच्या भाषेतलं, नाव. मी उडी मारली. समोर राखाडी पाठ, तिच्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा, आणि माशाची घाई नसलेली शेपटी. मी भराभर फोटो काढले. सगळे उजव्या बाजूचे. ओळख पटवायला डावी बाजू लागते, पाचव्या कल्ल्याच्या फटीमागची, छातीच्या पराच्या वरची. तिथल्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते. ठिपके जोडून होणारे त्रिकोण संगणक ताडून पाहतो. ही रीत मुळात आकाशाच्या छायाचित्रांतले तारे जुळवण्यासाठी तयार झाली होती. नववीच्या वर्गाला हे सांगताना मला किती आनंद व्हायचा! आणि प्रत्यक्षात मी बाजूच चुकले. तोवर मासा खाली गेला होता.

वीस मिनिटांनी तो पुन्हा वर आला. खोल, थंड पाण्यातून आल्यावर ऊब घ्यायला हे मासे वर रेंगाळत असावेत, असं संशोधक मानतात. बोटींना ढकलणारे पाण्यातले पंखेही तिथेच फिरतात. या वेळी अंगापासून तीन मीटर अंतर राखून मी पुढे पोहत गेले, डाव्या कुशीचे दोन फोटो घेतले. मग पाठ दिसली. पराच्या मागे एकाखाली एक तीन चिरे, आतलं मांस पांढरट गुलाबी. मास्कमध्ये पाणी नव्हतं, तरी मला नीट दिसेना.

संध्याकाळी फोटो जुळला. सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा नोंदवलेला नर. शेवटचा फोटो चार महिन्यांपूर्वी कुण्या पर्यटकाने पाठवलेला. त्यात पाठ अखंड होती. म्हणजे पंखा लागला तो या चार महिन्यांत. त्या अनोळखी माणसाच्या फोटोमुळे जखमेला तारीख मिळाली.

रत्नागिरीला परतल्यावर मी ओळखीच्या तांडेलांकडे, म्हणजे मासेमारी बोटीच्या प्रमुखांकडे, गेले. आपल्याकडे जाळं कापून व्हेल शार्क सोडला की वनविभागाकडून नुकसानभरपाई मिळते, आणि त्यासाठी फोटो किंवा व्हिडिओ काढावाच लागतो. मी वहीत मासा काढून कल्ल्यामागे चौकोन केला आणि म्हटलं, "एक फोटो इथला पण काढाल?"

त्यांनी वही फिरवून पाहिली. "तोंड इकडे, तर ही डावी. जमेल, बाई. सुरी माझ्या हातात, मोबाईल पोराच्या."