पोपटी गाडी आणि आमच्या बाईसाहेब

टोकियोच्या शिंजुकू स्टेशनला दोनशेच्या वर एक्झिट आहेत म्हणे. असतील! स्ट्रोलर ढकलत, कडेवर चार वर्षांची लेक घेऊन लिफ्ट शोधताना जीव मेटाकुटीला येतो, एवढं खरं. तारलं ते रंग आणि नंबरांनी. यामानोते ही लोकल लाइन पोपटी, शिंजुकूचा स्टेशन नंबर जेवाय-17. "पोपटी गाडी शोध" म्हटल्यावर बाईसाहेब खाली उतरून माझ्याच पुढे! सहा वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबत तिकीट नाही, हेही बरंच. गाडी सुटतानाची धून ऐकून तर प्लॅटफॉर्मवरच नाच सुरू. मग डब्यात, त्या चिडीचूप गर्दीत, खणखणीत मराठीत प्रश्न: "आई, हे सगळे रुसलेत का?"

उद्या बस. पुढच्या दाराने चढायचं, भाडं आधी भरायचं. प्रश्न तयार असणारच.