काका, तुम्ही यांना तरुणपणी ऐकलंय?

आत्ता कोल्हापुरात सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकावर) उतरलोय. कानात अजून शिट्टी वाजतीय, गुडघ्यांचं तर विचारूच नका.

काल (17 मे 2025) मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन' रोझेस (अमेरिकन रॉक बँड) बघितले. 2012 ला आले होते, पण तेव्हा गिटारिस्ट स्लॅश बँडमध्ये नव्हता (तो परतला 2016 ला), म्हणून गेलो नव्हतो. कॉलेजात असताना राजारामपुरीतनं भरून घेतलेली कॅसेट फीत तुटेपर्यंत वाजवली, ती माणसं काल समोर उभी! गायक अ‍ॅक्सल रोझ 63 चा, स्लॅश जुलैत 60 चा होईल. खरं सांगायचं तर अ‍ॅक्सलचा वरचा सूर आता पूर्वीसारखा लागत नाही. काही ठिकाणी गर्दीनंच गाणं उचलून धरलं. पण पठ्ठ्या स्टेजभर पळत होता, आणि मी तिसऱ्या गाण्यालाच टेकायला जागा शोधत होतो.

स्लॅश मात्र नाद खुळा! तीच उंच काळी टोपी, तीच लेस पॉल गिटार, मान खाली. बोटं अशी फिरत होती की शेजारचा विशीतला पोरगा शूटिंग सोडून नुसता बघत राहिला. मग मला म्हणाला, "काका, तुम्ही यांना तरुणपणी ऐकलंय?"

काका!

मिसळ खाऊन घरी जातोय. तिकिटाचा आकडा बायकोला अजून सांगितलेला नाही.